प्रवेश तर झाला, मग मे महिन्यातली एपी परीक्षा द्यायची का?

अमेरिकेत अलीकडे आलेल्या मराठी घरांत मुलं बारावीला पोचली की एप्रिलमध्ये हा प्रश्न येतोच. आपल्या डोक्यात पक्का बसलेला क्रम वेगळा असतो: आधी बोर्डाची परीक्षा, मग सीईटी किंवा जेईई, मग निकाल आणि सगळ्यांत शेवटी प्रवेश. इथे कॉलेजचे होकार-नकार साधारण मार्चअखेरपर्यंत कळतात, बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत एका कॉलेजला 'येतो' असं कळवून अनामत भरायची असते आणि एपीच्या, म्हणजे हायस्कूलमध्ये शिकलेल्या कॉलेजच्या तोडीच्या विषयांच्या, परीक्षा त्यानंतर, मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत होतात. २०२६ च्या वेळापत्रकात त्या ४ ते १५ मे अशा आहेत. मुलगी म्हणते, "ॲडमिशन झाली ना, आता कशाला?" बाबा म्हणतात, "फी भरली आहे, वर्षभर अभ्यास केलाय, द्यायलाच हवी." प्रवेश झाला म्हणून सोडणं आणि फी भरली म्हणून देणं, ही दोन्ही कारणं अपुरी आहेत.

माझं मत आधीच सांगते. हा निर्णय सरसकट 'सगळ्या द्या' किंवा 'सगळ्या सोडा' असा घ्यायचाच नाही. एकेक विषय वेगळा काढायचा आणि ज्या कॉलेजला मूल जाणार आहे त्या कॉलेजचा, एपीच्या कुठल्या गुणांना काय मिळतं हे सांगणारा तक्ता समोर ठेवून ठरवायचं. चांगली गोष्ट अशी की परीक्षेच्या वेळी कॉलेज नक्की झालेलं असतं. अकरावीतल्या मुलांना अंधारात परीक्षा द्यावी लागते, बारावीच्या मुलांना तसं नाही.

आधी वर्ग आणि परीक्षा वेगळे करा

एपी म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे, कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे विषय. ते कॉलेज बोर्ड ही संस्था आखते आणि परीक्षाही तीच घेते. गुण १ ते ५ असे मिळतात. नव्या पालकांचा गोंधळ होतो तो इथे: एपीचा वर्ग, त्या वर्गात शाळेने दिलेला ग्रेड आणि मेमधली परीक्षा या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत.

वर्ग मध्येच सोडायचा नाही. प्रवेश अर्जात बारावीचे जे विषय लिहिले ते बघून कॉलेजने होकार दिलेला असतो, आणि होकाराच्या पत्रात 'हे वर्ष याच दर्जाने पूर्ण करावं' अशी अट असते. जूनमध्ये शाळा अंतिम ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) कॉलेजला पाठवते. ग्रेड ए वरून डी वर घसरला तर कॉलेज खुलासा मागतं, आणि क्वचित प्रवेश काढूनही घेतं. काही अडचणीमुळे विषय बदलावाच लागला तर कॉलेजला आधी कळवायचं.

परीक्षेचं तसं नाही. अमेरिकी कॉलेजचा प्रवेश एपी परीक्षेच्या गुणांवर टांगलेला नसतो. परीक्षेला बसलं नाही किंवा २ गुण मिळाले, तरी एवढ्यावरून झालेला प्रवेश जात नाही.

याला अपवाद आहेत, आणि ते आधीच तपासायला हवेत. मूल इंग्लंड-स्कॉटलंडच्या विद्यापीठात जाणार असेल तर तिथला होकार बहुधा सशर्त असतो आणि अमुक विषयांत ४ किंवा ५ हवेत असं त्यात लिहिलेलं असतं. तिथे परीक्षा ऐच्छिक राहतच नाही. दुसरा अपवाद शाळेचा. काही हायस्कुलांत एपी परीक्षा दिली तर शाळेची वार्षिक परीक्षा माफ होते, काही ठिकाणी परीक्षा दिली नाही तर त्या विषयाचं जादा वजन ग्रेडमधून काढून टाकतात. आणि तुमचं मूल एपीऐवजी आयबीच्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) शाळेत असेल तर हा लेख लागू नाही, कारण तिथे डिप्लोमाच परीक्षेवर अवलंबून असतो.

म्हणून पहिलं काम: शाळेच्या काउन्सेलरला एक ईमेल. 'परीक्षा दिली नाही तर ग्रेडवर, ट्रान्सक्रिप्टवर किंवा शाळेच्या वार्षिक परीक्षेवर काही परिणाम होतो का?' एवढंच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. ईमेल मुलाने स्वतः लिहिली तर उत्तम. इथल्या शाळा त्याच्याकडूनच ती अपेक्षा ठेवतात.

कॉलेजचा तक्ता नीट वाचा

प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर एपीचा तक्ता असतो: विषय, किमान गुण, त्याबदल्यात कोणता कोर्स आणि किती क्रेडिट (पदवीसाठी जमवायची अभ्यासाची एककं). कॉलेज बोर्डाच्या साइटवरही कॉलेजच्या नावाने शोधता येतं, पण अंतिम शब्द कॉलेजच्या स्वतःच्या पानाचा. त्यातही आपल्या प्रवेशवर्षाचं पान आहे ना ते बघा, कारण नियम बदलतात.

कॉलेजांमधला फरक प्रचंड आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे सगळे कॅम्पस ३ किंवा अधिक गुणांना क्रेडिट देतात. टेक्सास, फ्लोरिडा, इलिनॉय, ओहायो अशा राज्यांत सरकारी विद्यापीठांनी ३ गुणांपासून क्रेडिट द्यावं असे कायदे किंवा राज्यव्यापी नियम आहेत. याच्या उलट टोकाला कॅलटेक, जिथे एपीला क्रेडिट नाही. डार्टमथने २०१४ मध्ये दाखल झालेल्या तुकडीपासून पदवीसाठीचं क्रेडिट बंद केलं, फक्त वरच्या वर्गात बसू देण्यासाठी गुण बघतात. एमआयटी कॅल्क्युलस बीसीतल्या (एपीच्या एबी आणि बीसी या दोन कॅल्क्युलसपैकी पुढच्या) ५ गुणांना पहिल्या सत्राच्या कॅल्क्युलसचं क्रेडिट देतं, पण केमिस्ट्रीच्या एपीला देत नाही. साधारण असं दिसतं की सरकारी विद्यापीठं उदार असतात आणि फार चुरशीची खासगी कॉलेजं हात आखडता घेतात. पण 'साधारण'वर विसंबू नका, तक्ता उघडा.

तक्त्यात तीन तऱ्हेचे फायदे असतात आणि तिन्हींना घरात आपण 'क्रेडिट मिळालं' असंच म्हणतो. पहिला, ठरावीक कोर्सचं क्रेडिट: कॅल्क्युलस १ झाला असं मानतात, पुन्हा करावा लागत नाही. हा खरा घसघशीत फायदा. दुसरा, ऐच्छिक क्रेडिट: एकूण बेरजेत तीन-चार क्रेडिट वाढतात, पण एकही सक्तीचा विषय कमी होत नाही. तिसरा, फक्त प्लेसमेंट: पहिला वर्ग वगळून थेट दुसऱ्यात बसता येतं, मात्र क्रेडिट शून्य, म्हणजे त्या जागी दुसरा काहीतरी विषय घ्यावाच लागतो.

शिवाय विद्यापीठाचा तक्ता एक सांगतो आणि विभाग दुसरंच. विद्यापीठ एपी बायोलॉजीला क्रेडिट देईल, पण जीवशास्त्राचा विभाग स्वतःच्या विद्यार्थ्यांना तो कोर्स पुन्हा करायला लावू शकतो. त्यामुळे मूल ज्या शाखेला जाणार तिचं पानही बघा. दुहेरी मोजणीही तपासा. कॅलिफोर्निया विद्यापीठात एपी इंग्लिशच्या दोन परीक्षा आहेत म्हणून दोन्हींचं क्रेडिट मिळत नाही, दोन्ही मिळून मर्यादा एकाच परीक्षेएवढी आहे. अकरावीत भाषेच्या पेपरात क्रेडिट मिळालेलं असेल तर बारावीतल्या साहित्याच्या पेपराने क्रेडिट वाढणार नाही. कॅल्क्युलस एबी आणि बीसीलाही दोन्ही मिळून एकट्या बीसीएवढीच मर्यादा आहे.

आता एका कागदावर यादी करा. डावीकडे बारावीचे एपी विषय, समोर किमान गुण, त्यापुढे वरच्या तीनपैकी कुठला फायदा. ही यादी केली की निम्मे वाद आपोआप संपतात.

ते क्रेडिट खरंच कामाचं आहे का?

या टप्प्यावर सावकाश विचार करायला हवा, कारण आपल्या लोकांत एक हिशोब फार पसरलेला आहे: 'शंभर डॉलरची परीक्षा दिली की तीन हजार डॉलर वाचतात.' तो बऱ्याचदा खोटा ठरतो. पुष्कळ विद्यापीठांत पूर्णवेळ विद्यार्थ्याची फी सत्रावर असते. १२ क्रेडिट घ्या किंवा १७, रक्कम तीच. तिथे चार क्रेडिट आधीच मिळाली म्हणून एक डॉलरही कमी होत नाही. पैसे वाचतात ते अख्खं एक सत्र कमी झालं तर, उन्हाळ्यात पैसे भरून घ्यावा लागणारा कोर्स टळला तर, किंवा जिथे दर क्रेडिटमागे फी आहे तिथे. एक सत्र म्हणजे ढोबळमानाने १५ क्रेडिट. अकरावीपर्यंत ९-१० क्रेडिट जमली असतील तर बारावीच्या दोन परीक्षा तुम्हाला त्या रेषेपलीकडे नेऊ शकतात. काहीच जमलेलं नसेल तर एकट्या परीक्षेने सत्र वाचणार नाही.

पैशांपलीकडचे फायदेही खरे आहेत. अनेक विद्यापीठांत पुढच्या सत्राचे विषय निवडण्याचा क्रम जमलेल्या क्रेडिटवर ठरतो, आणि कॉम्प्युटर सायन्सच्या भरून जाणाऱ्या वर्गांत दोन दिवस आधी नंबर लागणं ही मोठी गोष्ट आहे. इतिहास किंवा इंग्लिशचा सक्तीचा विषय एपीतून सुटला तर इंजिनिअरिंगच्या मुलाचं पहिलं सत्र सुसह्य होतं. दुहेरी पदवी किंवा मायनर (जोडीचा दुय्यम विषय) करायची असेल तर तेवढी जागा मोकळी मिळते.

एच-४ (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांचा) व्हिसावर आलेल्या मुलांच्या घरी हा प्रश्न जास्त गंभीरपणे घ्यायला हवा. एच-४ दर्जा वयाच्या २१ व्या वर्षी संपतो. १८ व्या वर्षी कॉलेजात गेलेलं मूल तिसऱ्या-चौथ्या वर्षात २१ चं होतं आणि त्याआधी ग्रीन कार्ड हातात नसेल तर बहुधा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. अनेक राज्यांत एच-४ वरच्या मुलाला स्थानिक रहिवाशाची फी लागू होते, पण एफ-१ वर गेल्यावर ती सवलत पुष्कळ ठिकाणी टिकत नाही. तिथे पदवी एक सत्र आधी संपली तर वाचणारी रक्कम खरोखर मोठी असते. या मुलांना केंद्र सरकारची शैक्षणिक मदतही मिळत नाही, सगळा भार घरावरच येतो. अशा घरात मी म्हणेन की कोर्सचं क्रेडिट देणारी एकही परीक्षा सोडू नका. मात्र एक लक्षात ठेवा: एफ-१ वर पूर्णवेळ भार सांभाळावा लागतो, साधारण १२ क्रेडिट दर सत्राला. त्यामुळे 'क्रेडिट आहेत, आता निवांत दोनच विषय घेऊ' असं चालत नाही. शेवटच्या सत्रासाठी थोडी मुभा असते, तीही आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयाच्या परवानगीने.

डॉक्टर व्हायची इच्छा असलेल्या मुलांनी उलट बाजू बघावी. अमेरिकेत मेडिकलला पदवीनंतर जातात, आणि बऱ्याच मेडिकल स्कूलना बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स हे विषय कॉलेजात केलेले हवे असतात. एपीचं क्रेडिट चालवणाऱ्या संस्थाही पुष्कळदा त्याच विषयातला वरचा कोर्स मागतात. अशा मुलाला एपी केमिस्ट्रीचं क्रेडिट मिळून वापरताच येत नाही असं होऊ शकतं. त्याच मुलाने एपी अमेरिकन हिस्टरी किंवा सायकॉलॉजी दिली तर मात्र सामान्य शिक्षणाचा एखादा विषय सुटू शकतो.

आणि कॅल्क्युलस. आपल्या घरांत सगळ्यांत जास्त भर याच विषयावर असतो. बीसीत ५ आले म्हणजे थेट तिसऱ्या कॅल्क्युलसला बसायचंच असं नाही. बऱ्याच विद्यापीठांच्या गणित विभागांच्या साइटवर जुन्या वार्षिक प्रश्नपत्रिका असतात. जो कोर्स वगळणार त्याची एक प्रश्नपत्रिका जूनमध्ये घड्याळ लावून सोडवा. सहज सुटली तर पुढे जा. अडखळला तर क्रेडिट बाजूला ठेवून तोच कोर्स कॉलेजात पुन्हा करता येतो. बहुतेक ठिकाणी तसं केल्यावर एपीचं क्रेडिट जातं, पण पाया मजबूत होतो. परीक्षा दिल्याने निवड हातात राहते, म्हणून इंजिनिअरिंग, फिजिक्स, इकॉनॉमिक्सकडे जाणाऱ्यांनी कॅल्क्युलसची परीक्षा तरी द्यावी असं माझं ठाम मत आहे.

फीचा प्रश्न

एका परीक्षेची फी सुमारे १०० डॉलर आहे. वर्षभराच्या विषयांसाठी ती मागणी शाळेतून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच नोंदवलेली असते, म्हणजे मेमध्ये 'भरू की नको' हा प्रश्न उरलेला नसतो. परीक्षेला बसलं नाही तर न वापरलेल्या परीक्षेचे ४० डॉलर कॉलेज बोर्ड आकारतं, उरलेले परत मिळणार का हे शाळा ठरवते. एपी कोऑर्डिनेटर म्हणून शाळेत एक शिक्षक नेमलेले असतात, त्यांना आधीच सांगा. न सांगता गैरहजर राहू नका. उत्पन्न कमी असलेल्या घरांना फीत सवलत आहे आणि फ्लोरिडा, नॉर्थ कॅरोलायनासारख्या राज्यांत सरकारी शाळांतल्या मुलांची फी राज्यच भरतं.

भरलेली फी वाया जाईल म्हणून मुलाला बळेच बसवू नका. ज्या विषयाचं क्रेडिट कॉलेज देतच नाही त्याचा पेपर देऊन ते पैसे परत येत नाहीत, त्याची झोप तेवढी जाते.

आता निवडा आणि तयारीही त्याच मापाने करा

यादीतले विषय दोन भागांत पाडा. कोर्स सुटतो आणि गुण मिळायची वाजवी शक्यता आहे, ते द्यायचे. क्रेडिटच नाही किंवा कॉलेज ५ मागतं आणि सराव परीक्षेत ३ वर गाडी अडते, ते सोडायला हरकत नाही. मधले, म्हणजे ऐच्छिक क्रेडिटचे विषय, मुलावर सोपवा. चार परीक्षांची नोंदणी असताना दोनच देणं यात लाजण्यासारखं काही नाही.

मुलाचा अंदाज घेण्यासाठी 'अभ्यास झाला का?' विचारून उपयोग नाही. एपी सेंट्रल या साइटवर मागच्या वर्षांचे लेखी प्रश्न तपासणीच्या निकषांसह मोफत आहेत. एप्रिलच्या मध्यात एका शनिवारी एक संच सोडवून तो निकषांवर तपासला की चित्र स्पष्ट होतं. २०२५ पासून बहुतेक परीक्षा ब्लूबुक या ॲपवर होतात. गणित-विज्ञानाच्या विषयांत पर्यायी प्रश्न पडद्यावर आणि लेखी उत्तरं कागदावर अशी मिश्र पद्धत आहे. ॲपमधला सराव पेपर एकदा तरी करून बघा.

घरच्यांसाठी एक विनंती. या मुलांनी ऑगस्टपासून निबंध, अर्ज, वाट बघणं, नकार पचवणं हे सगळं केलेलं असतं. मेमध्ये प्रॉम (शाळेचा नाचगाण्याचा समारंभ) असतो, मित्र पांगायच्या बेतात असतात. 'आमच्या वेळी बारावीला टीव्हीची केबल काढली होती' हे सांगायची ही वेळ नाही. दोन परीक्षा मनापासून दिलेल्या, चार रडतखडत दिलेल्यांपेक्षा जास्त क्रेडिट देतात. आजारपण किंवा एकाच वेळी दोन पेपर आले तर पुढच्या आठवड्यात उशिराच्या परीक्षेची सोय असते, तीही कोऑर्डिनेटरमार्फत.

परीक्षा झाल्यावरची कामं

इथे बरीच घरं ढिली पडतात आणि मिळवलेलं क्रेडिट महिनोन्महिने लटकतं.

कॉलेज बोर्डाचं खातं शाळेच्या ईमेलवर उघडलेलं असेल तर पदवीदानाआधी ते वैयक्तिक ईमेलवर बदलून घ्या. शाळा उन्हाळ्यात तो ईमेल बंद करू शकते, आणि मग जुलैमध्ये गुण बघायला आत शिरता येत नाही.

नावही तपासा. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून असतं. शाळेत ते कधी गाळलेलं, कधी पहिल्या नावाला जोडलेलं असतं. कॉलेजच्या अर्जावर आणि कॉलेज बोर्डाच्या खात्यात नाव आणि जन्मतारीख सारखी नसेल तर गुण पोचूनही विद्यार्थ्याशी जुळत नाहीत. फरक असेल तर आधी कॉलेज बोर्डाला आणि मग कॉलेजच्या रजिस्ट्रार कार्यालयाला कळवा.

दर वर्षी एका कॉलेजला गुण मोफत पाठवता येतात, पण ते कॉलेज २० जूनपर्यंत खात्यात निवडावं लागतं. नंतर प्रत्येक अहवालाला १५ डॉलर. या अहवालात आधीच्या वर्षांचे गुणही जातात, त्यामुळे एकच अहवाल पुरतो. कमी गुण लपवायची सोय आहे, पण प्रवेश झाल्यावर तिची गरज क्वचितच पडते.

गुण जुलैच्या सुरुवातीला येतात आणि कॉलेजचं ओरिएंटेशन (नव्या विद्यार्थ्यांचं ओळख-सत्र) बऱ्याचदा त्याआधी, जूनमध्ये होतं. तिथल्या सल्लागाराला सगळ्या परीक्षांची यादी आणि अपेक्षित गुण सांगा. तात्पुरते विषय त्यावर निवडता येतात आणि निकालानंतर बदलता येतात. वेटलिस्टवरून मे-जूनमध्ये दुसऱ्या कॉलेजात जागा मिळाली तर तक्ता नव्याने बघा आणि गुण तिथे पाठवा. पुढे बदली घेऊन दुसऱ्या विद्यापीठात गेलं तरी तेच: एपीचं क्रेडिट जुन्या ट्रान्सक्रिप्टवरून आपोआप पुढे जात नाही, गुण कॉलेज बोर्डाकडून पुन्हा मागवावे लागतात आणि नवं विद्यापीठ स्वतःच्या नियमाने मोजतं.

परीक्षा सोडलेल्यांसाठीही दारं बंद नसतात. गणित, केमिस्ट्री आणि परदेशी भाषांसाठी अनेक कॉलेजं उन्हाळ्यात स्वतःची प्लेसमेंट परीक्षा घेतात. ती बहुधा मोफत असते, क्रेडिट देत नाही, पण योग्य वर्गात बसवते. कॉलेज बोर्डाचीच क्लेप नावाची परीक्षा वर्षभर देता येते आणि बरीच सरकारी विद्यापीठं व कम्युनिटी कॉलेजं तिला क्रेडिट देतात. निवडक खासगी कॉलेजं सहसा देत नाहीत.

ऑगस्टमध्ये वर्ग सुरू व्हायच्या आधी कॉलेजच्या पोर्टलवर एपीचं क्रेडिट ठरल्याप्रमाणे दिसतंय का बघा. दिसत नसेल तर विषय बदलायची मुदत संपायच्या आत रजिस्ट्रारला लिहा, नाहीतर जो कोर्स सुटायला हवा होता त्यातच मूल सत्रभर बसलेलं राहतं.